विमान मनमाडमार्गे का जातं?

गुरुजींनी पिशवीतून तीन वस्तू काढून माझ्या काउंटरवर मांडल्या. शिवण उसवलेला एक जुना शालेय नकाशासंग्रह, लाकडी फूटपट्टी आणि दोन्ही बाजूंनी आकडेमोड केलेलं चौकटीच्या वहीचं पान.

"तुझं कॉम्प्युटर खोटं बोलतंय का माझी पट्टी, तेवढं सांग."

परभणीत स्टेशन रोडला माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. रेल्वे आणि ट्रॅव्हल्सची तिकिटं जास्त, विमानाची कमी, पण हल्ली वाढलीत. कारण बहुतेक वेळा एकच असतं. लेकीला नाहीतर सुनेला तिकडं दिवस गेले की इकडं गंगाखेड, जिंतूर, सेलूकडच्या आया पासपोर्ट काढायला लागतात. गुरुजींची लेक न्यूजर्सीत आहे. काकू बाळंतपणासाठी एकट्या निघालेल्या. आणि गुरुजी म्हणजे ज्यांनी मला जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला ते. त्यांच्यासमोर मी अजूनही खुर्चीत नीट बसत नाही.

झालं असं की मी आदल्या दिवशी सहज सांगून बसलो होतो, मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. गुरुजींनी घरी जाऊन नकाशावर पट्टी ठेवली, सेंटिमीटर मोजले, खाली छापलेल्या प्रमाणाने गुणले. उत्तर आलं साडेसोळा हजार. पुन्हा मोजलं, तेवढंच आलं.

"चार हजार किलोमीटर गेले कुठं? भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४. म्हणजे अख्खा देश गिळला की तुझ्या कॉम्प्युटरनं."

काकूंची शंका वेगळी होती. नातवानं त्यांच्या मोबाइलवर विमानाचा माग दाखवणारं ॲप टाकून दिलंय. त्यात त्यांनी मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान पाहिलं होतं. "अमेरिका डाव्या हाताला. हे विमान निघालं वर. तिकडून मोठा वळसा घालून पुन्हा खाली. मनमाडहून चाललंय का काय?"

परभणीच्या माणसाला हा वळसा पाठ असतो. मुंबई आपल्यापासून सरळ पश्चिमेला, दोन्ही गावं १९ अंश अक्षांशाच्या आसपास. आकाशातून रेघ मारली तर ४१० किलोमीटर. पण देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसा, गाडी जालना, संभाजीनगर करत आधी मनमाडला वर चढणार, मग नाशिक, कल्याण करत खाली उतरणार. होतात साडेपाचशे. तिथं रूळ तसे टाकलेत म्हणून वळसा. विमानाला तर रूळ नाहीत, मग ते का वळसा घालतं?

खरं म्हणजे ते वळसा घालतच नाही. पट्टीने मारलेली रेघच वळशाची आहे.

हे तोंडी सांगून गुरुजी ऐकणार नव्हते. शेजारच्या गाड्यावरून मोसंबी आणवली, जालन्याचीच. देठाकडची बाजू उत्तर ध्रुव धरली. पेनानं मधोमध विषुववृत्त काढलं, त्याच्या थोडं वर मुंबईचा टिंब. आता न्यूयॉर्क कुठं? मुंबई ७३ अंश पूर्वेला, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. म्हणजे दोघांत जवळजवळ १४७ अंशांचं अंतर. १८० झाले असते तर ते बरोबर मागच्या बाजूला गेलं असतं. मोसंबी जवळपास अर्धी फिरवून मागं टिंब दिला, मुंबईपेक्षा बराच वर, ४१ अंशांवर. मग पुडी बांधायचा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ओढला.

दोरा ताणला की तो आपोआप सर्वांत कमी अंतराच्या जागी जाऊन बसतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. आडवा, विषुववृत्ताला धरून ठेवायला गेलं की तो सैल पडतो. सोडला की सरकतो वर, देठाकडं. गुरुजींनी स्वतःच्या हातानं दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा दोरा वरच गेला.

गोलावरच्या या वाटेला बृहद्‍वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून सुरी घातली आणि ती दोन्ही गावांतून गेली, तर जी कड निघेल ती ही वाट. विषुववृत्त हे बृहद्‍वृत्त आहे, प्रत्येक रेखावृत्त अर्धं बृहद्‍वृत्त आहे. पण विषुववृत्त सोडून बाकीची अक्षवृत्तं नाहीत. म्हणून दोन गावं एकाच अक्षवृत्तावर असली तरी त्या अक्षवृत्तावरून नाकासमोर जाणं ही जवळची वाट नसते. परभणी ते मुंबईत हा फरक नगण्य आहे. गावं जितकी लांब आणि विषुववृत्तापासून जितकी दूर, तितका तो वाढत जातो.

मुंबईहून न्यूयॉर्कची ही ताणलेली वाट कुठून जाते, ते ऐकून काकूंनी डोळे मोठे केले. मुंबईहून निघताना विमानाचं तोंड पश्चिमेला नसतंच, उत्तरेपासून जेमतेम २७ अंश डावीकडं असतं. सिंध, क्वेट्ट्याच्या आसपासचा भाग, अफगाणिस्तानात हेरातकडचा मुलूख, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, दक्षिण फिनलंड, स्वीडन, नॉर्वे. मग आइसलँडचा आग्नेय किनारा, ६४-६५ अंशांवर. तिथून वाट खाली वळते, ग्रीनलंडच्या टोकाला शिवते, कॅनडाच्या पूर्वेकडून न्यूयॉर्कला उतरते. पट्टीवाल्या वाटेनं गेलो असतो तर ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, सहारा वाळवंट आणि मग नुसता अटलांटिक. आमच्याकडं 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतात. या वाटेवर दोन्ही लागत नाहीत. जर्मनी डाव्या हाताला राहते, परभणी मागं.

आता गुरुजींचे चार हजार किलोमीटर. ते दोन ठिकाणी सांडलेत.

पहिली गळती नकाशाच्या प्रमाणात. एक रेखांश ओलांडायला विषुववृत्तावर १११ किलोमीटर जावं लागतं. परभणीच्या अक्षांशावर १०५. हेलसिंकी किंवा ओस्लोच्या आसपास, ६० अंशांवर, फक्त ५६. ध्रुवावर शून्य, कारण सगळी रेखावृत्तं तिथं एका टिंबात मिळतात, मोसंबीच्या फोडी देठाशी मिळाव्यात तशा. पण शाळेतल्या चौकोनी नकाशात सगळ्या फोडी खालून वरपर्यंत सारख्याच रुंद काढलेल्या असतात. सालीला ताणून ताणून कागद झाकलेला. म्हणून तर त्या नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेला टक्कर देताना दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. खाली छापलेलं 'एक सेंटिमीटर बरोबर इतके किलोमीटर' हे अशा नकाशात विषुववृत्ताजवळच खरं धरायचं. गुरुजींनी तीच फुटपट्टी ४० अंशांपर्यंत नेली. अशा चौकोनी नकाशाला मर्केटर नकाशा म्हणतात. त्यावरच्या त्या सरळ रेघेवरून कुणी खरोखर उडत गेलं असतं तर अंतर साडेसोळा नव्हे, १४,२०० भरलं असतं.

दुसरी गळती वाटेत. १४,२०० ची वाट आखूड नाहीच, आखूड आहे ती १२,५०० ची, उत्तरेकडून जाणारी. तिथले रेखांश चिंचोळे, थोड्या चालीत पुष्कळ ओलांडता येतात. सतराशे किलोमीटर वाचतात.

गुरुजी थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मर्केटरनं १५६९ साली हा नकाशा केला तो खलाशांसाठी. होकायंत्राची दिशा एकच धरून जायचं असलं की सरळ रेघ. अंतर मोजायला नव्हे." म्हणजे त्यांना माहीत होतंच. "पण पट्टी हातात आली की माणूस विसरतो," असंही म्हणाले. मला शाळेत असं कधी म्हणाले नव्हते.

काकूंनी मध्येच विचारलं, विमान एवढं उंच जातं, त्यानं अंतर वाढत नाही का? वाढतं, पण किती? विमान ११ किलोमीटर वर, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१. साडेबारा हजारांच्या प्रवासात भर पडते जेमतेम वीस-बावीस किलोमीटरची. इथून झिरो फाट्याला जाऊन यायला याहून जास्त लागतं.

आणि प्रत्यक्षात विमान त्या ताणलेल्या दोऱ्यावरून जातंच असं नाही. दोऱ्याखालचे देश आपलं आकाश उघडं ठेवतात तोवरच ते जमतं. २७ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटनंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, ते उघडायला १६ जुलै उजाडला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर भारतीय विमानांना पुन्हा दार लागलं. दोऱ्याचा पहिलाच पदर तिथून जातो, त्यामुळं उत्तर भारतातून निघणाऱ्या विमानांना तर आधी खाली अरबी समुद्राकडं येऊन मग पश्चिमेला जावं लागलं. अमेरिकेला एका दमात जाणारी काही विमानं तेल भरायला युरोपात उतरू लागली. अफगाणिस्तानचं आकाश काही कंपन्या एरवीही टाळतात, कारण २०२१ नंतर तिथं खालून रस्ता दाखवणारं, दोन विमानांमधलं अंतर सांभाळणारं नियंत्रण उरलेलं नाही. रशियानं २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना मनाई केलेली आहे, भारतीय विमानांना नाही. म्हणून एकाच दोन शहरांमध्ये एका कंपनीचं विमान एका वाटेनं तर दुसरीचं भलत्याच वाटेनं जाताना दिसतं. हा मात्र खराखुरा मनमाडमार्गे वळसा.

अंतर मिटलं. गुरुजींनी पानाची दुसरी बाजू वर केली. तिथं भागाकार होता. विमानाचा वेग ताशी ९००, अंतर १२,५००. उत्तर तेरा तास त्रेपन्न मिनिटं. तिकिटावर मात्र प्रवास साडेपंधरा तासांचा. दीड तास जास्त कसला?

थोडा वेळ जमिनीवरच जातो. तिकिटावरची वेळ चाकं हलल्यापासून उतरून दाराशी लागेपर्यंतची असते. मुंबईत विमान धावपट्टीपाशी रांगेत उभं राहतं, न्यूयॉर्कलाही उतरून रांगतच येतं. शिवाय उशीर गृहीत धरून कंपन्या थोडी मिनिटं आधीच मिसळून ठेवतात. बाकीचा वाटा वाऱ्याचा आहे, आणि मला या सगळ्या धंद्यात तोच भाग सर्वांत आवडतो.

ताशी ९०० हा विमानाचा वेग हवेतला आहे, जमिनीवरचा नाही. गंगाखेडला गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, पाणी चढलेलं असताना होडी घातली, वल्हवणाऱ्याचा जोर तोच ठेवला, तरी धारेबरोबर जाताना घाट सपासप मागं पडतात आणि धारेविरुद्ध येताना घाम निघतो. होडीचा पाण्यातला वेग बदलला नाही, घाटाच्या हिशेबानं बदलला. वर, विमानं उडतात त्याच उंचीवर, अशीच धार आहे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारी, नागमोडी, काहीशे किलोमीटर रुंद हवेची नदी. तिला जेट प्रवाह म्हणतात. ताशी दीड-दोनशेचा वेग तिला रोजचा. हिवाळ्यात तीनशेच्या पुढंही जातो.

ती का वाहते? विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गार. तापलेली हवा वर चढून गारव्याकडं निघते, पण पृथ्वी फिरत असल्यामुळं सरळ उत्तरेला जाऊ शकत नाही, उजवीकडं, म्हणजे पूर्वेला वळते. दोन्हीकडच्या तापमानात जितकी तफावत, तितकी धार जोरात. हिवाळ्यात तफावत वाढते म्हणून जोर वाढतो. त्यामुळंच जानेवारीतलं विमान आणि जुलैतलं विमान, वाट तीच असूनही, वेळ सारखा घेत नाही.

या वाऱ्याची नोंद पहिल्यांदा नीट केली ती वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं, १९२० च्या दशकात, फुगे सोडून सोडून. पण त्यानं आपला अहवाल छापला एस्पेरांतो या बनवलेल्या भाषेत, जगभरच्या लोकांना वाचता यावा म्हणून. जगात तो फारसा कुणी वाचलाच नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा वैमानिकांना कळेना की आपण लक्ष्यावरून असे वाहत का जातोय.

आता वाऱ्याचा हिशेब. समजा विमान ९०० चं आणि वारा सरासरी १०० चा. जाताना वारा तोंडावर, ८०० उरले, साडेबारा हजारांना पंधरा तास सदतीस मिनिटं. येताना पाठीवर, हजार झाले, साडेबारा तास. गुरुजींनी लगेच पेन काढून बेरीज केली आणि थबकले. जाऊन-येऊन अठ्ठावीस तास सात मिनिटं. वारा नसता तर सत्तावीस तास सत्तेचाळीस. म्हणजे वारा जाताना जेवढं घेतो तेवढं येताना परत देत नाही. वीस मिनिटं खाल्लीच. कारण तोंडावरचा वारा तुम्हाला जास्त वेळ सोसावा लागतो, पाठीवरचा कमी वेळ मिळतो. सायकलवर पोखर्णीला जाऊन आलेल्या कुणालाही हे गणिताशिवाय ठाऊक असतं.

वारा पाठीशी असला तर काय होतं त्याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० चं. अटलांटिकवर वादळ होतं. न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक जंबो जेट ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जिथं एरवी साडेसहा-सात लागतात. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग ताशी १,३०० च्या पुढं गेला होता. तरी ते ध्वनीपेक्षा वेगानं उडालं असं म्हणता येणार नाही, कारण हवेच्या हिशेबानं ते आपल्या नेहमीच्याच चालीनं चाललं होतं. धार जोरात होती, वल्ही तीच.

याहून मजेशीर गोष्ट आपल्याच देशातली. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान आधी पश्चिमेकडून, युरोपवरून, अटलांटिक ओलांडून जायचं. सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं ते उलट दिशेनं, पूर्वेला चीन-जपानकडून प्रशांत महासागरावरून पाठवलं. अंतर वाढून झालं १५,३०० च्या घरात. चौदाशे किलोमीटर जास्त. पण वारा सबंध वाटभर पाठीशी. विमान साडेचौदा तासांत पोचलं, जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर.

हे ऐकल्यावर गुरुजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना दोन अधिक दोन पाच सांगितलं. त्यांच्या वहीच्या पानावर वेग, वेळ, अंतराचा त्रिकोण काढलेला होता. त्यात वाऱ्याचा रकाना नव्हता.

काकूंनी तेवढ्यात एक फार जुना, फार चांगला प्रश्न टाकला. "पृथ्वी फिरतीय ना? मग विमानानं वर जाऊन नुसतं थांबावं. खालून अमेरिका येईलच की."

पृथ्वी फिरते हे खरं. परभणी आत्ता, आपण बसल्या जागी, ताशी सुमारे १,५७५ किलोमीटरनं पूर्वेला चाललीय. पण जिंतूरच्या लाल परीत बसून लिंबू वर उडवून बघा. गाडी साठनं पळत असते, तरी लिंबू मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यात पडत नाही, आपल्याच हातात येतं. कारण उडवण्याआधीच त्याला गाडीचा वेग मिळालेला असतो, आणि आतली हवाही गाडीबरोबरच चाललेली असते. तसंच विमान, तशीच त्याच्याभोवतीची हवा. हवा पृथ्वीबरोबर फिरत नसती तर आपल्याला चोवीस तास दीड हजाराचा सोसाट्याचा वारा लागला असता आणि तुरीचं एक झाड उभं राहिलं नसतं.

मग तिकीट समोर धरलं. मुंबईहून सुटण्याची वेळ रात्री ०१:३०. न्यूयॉर्कला पोचण्याची, त्याच तारखेला, सकाळी ०७:३०. दुकानात येणारे निम्मे लोक इथं खूश होतात, सहा तासांत अमेरिका म्हणून. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या मागं साडेनऊ तास. सहा आणि साडेनऊ, साडेपंधरा. परतीचं तिकीट उलटं फसवतं. तिथून सकाळी साडेअकराला निघालं की इथं दुसऱ्या दिवशी साडेअकरालाच पोचतं. दिसायला चोवीस तास, त्यातून साडेनऊ काढा, साडेचौदा उरतात. म्हणजे येताना तासभर कमी. वाऱ्याचीच कृपा.

हे साडेनऊ आले कुठून? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, चार मिनिटांना एक. परभणी मुंबईच्या चार अंश पूर्वेला. म्हणून सूर्य आपल्याकडं मुंबईच्या पाव तास आधी उगवतो. घड्याळ मात्र दोन्हीकडं एकच, साडेब्याऐंशी अंशांवरचं, तिकडं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर बेतलेलं. साडेब्याऐंशी भागिले पंधरा, साडेपाच. म्हणून ग्रीनिचच्या पुढं साडेपाच तास. १ जानेवारी १९०६ ला ही प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईनं आपला स्वतःचा वेगळा वेळ, ३९ मिनिटं मागचा, १९५५ पर्यंत सोडला नाही. मुंबईकरांना उशिराची सवय तेव्हापासूनची, असं गुरुजी म्हणाले. हा त्यांचा विनोद, माझा नाही.

सॅन फ्रान्सिस्कोवाल्या त्या पूर्वेकडच्या वाटेवर तर घड्याळाची पुरती गंमत होते. दिल्लीहून रविवारी पहाटे चारला निघा, साडेचौदा तास प्रवास करा. वाटेत प्रशांत महासागरात वाररेषा लागते, तिथं एक दिवस मागं जायचं. उतरता तेव्हा तिथं रविवारचेच सकाळचे सहा. डबा खाल्ला, झोपलात, पुन्हा खाल्लं, आणि घड्याळ म्हणतं दोनच तास झाले.

एका दमात किती लांब जाता येतं? गोल असल्यामुळं जगात कुठलीही जागा आपल्यापासून वीस हजार किलोमीटरपेक्षा जास्त दूर असूच शकत नाही. पृथ्वीचा घेरच चाळीस हजारांचा. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे थेट विमान १५,३०० किलोमीटर, अठरा तासांवर. त्याहून लांब फारसं कुणी का जात नाही याचं कारण इंधन. अमेरिकेला जाणाऱ्या मोठ्या ७७७ विमानाच्या टाक्या गच्च भरल्या तर त्यात १४५ टन इंधन बसतं, आणि सगळं मिळून ते उचलू शकतं ३५१ टन. पल्ला वाढवायला आणखी इंधन न्यायचं तर ते इंधन वाहायलाही इंधन लागतं. लांबच्या जत्रेला निघालेल्या गाडीत माणसांऐवजी बैलांचाच कडबा भरावा लागतो, तसं.

शेवटी मी काकूंना त्यांच्या दारापासून लेकीच्या दारापर्यंतचा हिशेब लिहून दिला, कारण ॲपवर तो कुठं मिळत नाही. परभणीहून संध्याकाळी आठच्या सुमारास देवगिरी. सकाळी सातला मुंबई. दिवसभर ठाण्यात नणंदेकडं. रात्री साडेदहाला विमानतळ, कारण तीन तास आधी जायचं. दीडला विमान. आपल्या घड्याळात संध्याकाळी पाचला तिकडं उतरणं. शिक्के, सामान, गाडी यात साडेतीन तास. एकूण साडेअठ्ठेचाळीस. त्यात साडेबारा हजार किलोमीटरचे साडेपंधरा, आणि मुंबई गाठायचे, थांबायचे, रांगेत उभं राहायचे तेहतीस.

त्या कागदावर एक ओळ मी लाल पेनानं लिहितो, सगळ्यांच्याच. रात्री दीड म्हणजे तारीख बदललेली असते. माझ्या धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एक गृहस्थ चौदा तारखेचं, रात्री दीडचं तिकीट घेऊन चौदा तारखेच्या रात्री विमानतळावर गेले. विमान आदल्या रात्रीच गेलेलं. चूक माझीच होती, मी तोंडानं 'चौदाच्या रात्री' असं सांगून बसलो होतो. तेव्हापासून मी 'तेराला रात्री जेवून निघा' असं लिहितो.

काकू सप्टेंबरात गेल्या. जाताना हातातलं घड्याळ बदलू दिलं नाही, ते परभणीचंच राहू दे म्हणाल्या. गुरुजींनी बैठकीत जुन्या घड्याळाशेजारी दुसरं टांगलं, न्यूजर्सीचं, साडेनऊ तास मागं. परवा गेलो तेव्हा त्याच्या खालच्या कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं : 'एक तास मागे करणे. तिकडची उन्हाळी वेळ संपते. आता साडेदहा.' आणि कॅलेंडरच्या खिळ्याला, वाळून लिंबाएवढी झालेली ती मोसंबी, दोऱ्यासकट.